मुंग्यांनी सोडलेला वाफा

चैत्र लागला की मी गच्चीवरचे विटांचे वाफे आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या मातीने भरते, माठाच्या भाजीचं बी पेरते आणि भोवती हळदीची रेघ ओढते. नाहीतर मुंग्या दुपारपर्यंत बी वाहून नेतात. यंदा माती पोत्यांतून विकत आणली आणि हळद विसरले. आठवलं तशी धावत वर गेले. मुंग्यांची रांग वाफ्याच्या कडेपर्यंत आली होती. पुढच्या मुंगीने मातीला मिशा लावल्या आणि ती मागे वळली. मग सगळी रांगच लांबून वळसा घालून कठड्याकडे गेली. ज्याची राखण करायची ते आधी कुणाला तरी हवंसं वाटायला हवं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

आठवड्याभरात सगळं बी उगवलं. इतकी दाट रोपं इथे कधी आली नव्हती. मध्ये गवताची एक काडी नाही, पानावर एक किडा नाही. कौतुकाने सासूबाईंना दाखवायला नेलं. पेरताना त्या नेहमी म्हणतात, एक दाणा पाखराला, एक मुंगीला, एक आपल्याला.

त्यांनी वाकून पानं उलटून पाहिली, मग चिमूटभर माती हुंगली.

"कुणीच काही नेलं नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं आपल्यासाठीच ठेवलंय."