साहेबांची स्मृती

"दाबू का?"

संगणकावरची कुठलीही नोंद पक्की करण्याआधी साहेब एवढंच विचारायचे. उजवा हात उचलायचे, बोट पँटला पुसायचे आणि खोलीत जो कोणी असेल त्याच्याकडे बघायचे. बहुतेकदा मीच असायचे. एकदा समोर सायकलचोर बसला होता. त्याच्याच नोंदीबद्दल साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमची मर्जी, साहेब. पण बापाचं नाव चुकलं हाय." साहेबांनी नाव सुधारलं, त्याचे आभार मानले आणि मग दाबलं.

ही गोष्ट वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यातली. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. मी तिथे संगणक कक्षात शिपाई होते. कक्ष म्हणजे मुद्देमालाच्या खोलीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात जप्त केलेली दारू असायची. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे तिचा तुटवडा आम्हाला कधी जाणवला नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर संगणक हळू चालायचा, तेव्हा जमादार म्हणायचे, "वास लागला असन त्याले."

साहेब सहायक निरीक्षक होते. शिक्षणाने इंजिनिअर, परीक्षा देऊन पोलीस. मूळचे हिंगणघाटचे. बैठकीत शुद्ध बोलायचे आणि मनातलं बोलायचं असलं की वऱ्हाडीत यायचे. वरून आलेली मोठी प्रणाली ठाण्यात होतीच, पण ती सतत गोल फिरत राहायची. म्हणून साहेबांनी सुट्ट्या घालवून ठाण्यापुरती स्वतःची एक बनवली. गुन्हे, माणसं, वाहनं, पत्ते, सगळं एका जागी. तिचं नाव त्यांनी 'स्मृती' ठेवलं. जमादारांना बरेच दिवस वाटत होतं की ही साहेबांची मुलगी.

स्मृतीत 'उर्फ' असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही. महिनाभराने साहेबांच्या लक्षात आलं की आमच्या हद्दीतल्या प्रत्येक माणसाला टोपणनाव आहे. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं तर 'भुऱ्या' होतं.

"जमादार, हे कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणीच नाई. रिकामं सोडलं का मशीन अडून राह्यते. म्हून मीच ठेवून राह्यलो नावं."

साहेबांनी ती अट काढली. भुऱ्या मात्र राहिले, कारण स्मृतीत एकदा पक्कं झालेलं पुसता येत नव्हतं. ही साहेबांची सगळ्यात आवडती गोष्ट होती. दुरुस्ती हवी असेल तर कारण लिहायचं, कागद जोडायचे आणि वरच्या कार्यालयाची मंजुरी आणायची. एका पुढाऱ्याने पुतण्याचं नाव काढण्यासाठी फोन केला, तेव्हा साहेब नम्रपणे म्हणाले, "करता येत नाही हो. चावी माझ्याकडेही नाही." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी चहा सांगितला.

चावी अर्थातच त्यांच्याकडे होती. ज्याने घर बांधलं त्याला खिडकी माहीत असतेच.

मग ती मुलगी आली. समुद्रपूरकडच्या एका गावातली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मुलगी नर्सिंग शिकलेली. सरकारी दवाखान्यात निवड झाली होती आणि रुजू होण्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा होता. अर्ज आला की नाव स्मृतीत टाकायचं आणि जे येईल ते छापायचं, अशी आमची पद्धत. छापून आलं: विनयभंगाच्या गुन्ह्यात आरोपी.

वडील बाहेर ओसरीत उभे होते. ती समोर आली आणि तिने तो कागद टेबलावर सरळ करून ठेवला.

"साहेब, यात मी आरोपी आहो?"

"असं दिसून राह्यलं खरं."

"मीच तर तक्रार देली होती. एक पोरगा बसच्या मागं मागं गाडी घेऊन ये रोज. हात धरला त्यानं फाट्यावर. मी इथंच बसली होती, याच खुर्चीवर."

साहेबांनी नोंद उघडली. माणूस टाकला की त्याची भूमिका निवडावी लागायची: तक्रारदार, साक्षीदार, आरोपी. जमादारांनी काहीच निवडलं नव्हतं. आणि काही निवडलं नाही की स्मृती आपोआप 'आरोपी' धरायची.

"असं काऊन ठेवलं होतं, साहेब?" मी विचारलं.

"सुरुवातीले मी मशीन तपासाले आरोपीच टाकून राह्यलो होतो. दर वेळी निवडाचा कंटाळा आला, ताई. एवढंच."

सोमवारी रुजू व्हायचं होतं. वरच्या कार्यालयाची मंजुरी यायला आठवडे लागायचे. जमादारांनी मला दार लावायला सांगितलं आणि साहेबांजवळ वाकले.

"तुमीच बनवलं, तुमीच खोला. पोरीचं भलं होईन, कोणाले समजणार बी नाई."

माझंही मत तेच होतं. मुलीचं नव्हतं म्हणता येणार नाही.

साहेब म्हणाले, "आज हिच्यासाठी खोललं, तर उद्या पुतण्यासाठी नाई म्हनाले तोंड नाई राहणार मले."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. माणूस आपलं तत्त्व जपतो आहे आणि नोकरी मात्र दुसऱ्याची जाते आहे, असं वाटलं. पण साहेबांनी कोरा कागद ओढला आणि स्वतःविरुद्ध अहवाल लिहायला घेतला. चूक जमादारांची नाही, यंत्राची नाही, रचना करणाऱ्याची आहे. रचना मी केली आहे. जमादार म्हणाले, "साहेब, इतकं सरळ नोका लिहू." साहेबांनी आणखी एक ओळ वाढवली.

तो अहवाल घेऊन ते स्वतः वर्ध्याला गेले आणि मंजुरी हातात पडेपर्यंत तिथल्या मोठ्या साहेबांच्या दाराशी बसून राहिले. परत आले तेव्हा मुलीला बोलावून शेजारी बसवलं. दुरुस्ती टाकली, बोट पुसलं.

"दाबू का?"

"आधी दाखवा," ती म्हणाली. तिने अख्खी ओळ बोट ठेवून वाचली. "आता दाबा."

तरीही दवाखान्याच्या दप्तरात पहिला दाखला परस्पर जाऊन पोचलेला होता. म्हणून सोमवारी साहेब गणवेशात तिच्याबरोबर गेले, मला महिला कर्मचारी म्हणून घेतलं. तिथले अधिकारी जेवायला गेले होते. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो: एका बाजूला साहेब, एका बाजूला मी, मध्ये ती. येणारे-जाणारे थबकून बघत होते. एका बाईने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "काय केलं हो हिनं?"

साहेबांनी ते ऐकलं. मला म्हणाले, "ताई, तुमीबी उठा." आम्ही दोघं पटांगणाच्या पार त्या टोकाला, सायकली लावतात तिथे जाऊन उभे राहिलो. सावली नव्हती. मुलगी बाकावर एकटी, मांडीवर फाइल घेऊन, इतर उमेदवारांसारखीच दिसायला लागली. तिला बोलावलं तेव्हा साहेब आत जाऊन दोन वाक्यं बोलले आणि बाहेर आले. ती रुजू झाली.

साहेबांच्या अहवालाची वरती फार बारकाईने दखल घेतली गेली. प्रामाणिकपणे लिहिलेला असल्यामुळे चौकशीला वेळ लागला नाही. त्यांच्याकडून खुलासा मागवला, नाराजीचं पत्र दिलं आणि बदली गडचिरोलीकडे झाली. पुतण्याच्या काकांनी आम्हाला पेढे पाठवले. स्मृती बंद करून पुन्हा मोठ्या प्रणालीवर काम करावं, असा आदेश आला. ती अजून गोल फिरते.

निरोपाच्या दिवशी आम्ही हार आणला, समोसे आणले, निरीक्षकांनी भाषण तयार केलं. साहेब बंद करण्याआधी शेवटचं एकदा स्मृती चाळत होते. एकदम थांबले.

"जमादार, त्या पोरीच्या गुन्ह्यात तो पोरगा कुठं हाय?"

कुठेच नव्हता. ती स्वतः आरोपी म्हणून बसलेली असल्यामुळे 'आरोपी मिळाला' असं दिसत होतं. तिची भूमिका बदलली तरी तो शेरा तसाच राहिला, त्यामुळे तो गुन्हा प्रलंबित यादीत कधी आलाच नाही. दुरुस्ती झाली, नोकरी लागली, चौकशी झाली, बदली झाली; आणि तिने तक्रार दिली होती, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

साहेबांनी तिची मूळ कागदी तक्रार काढून मुलाचं नाव बघितलं आणि टोपी घातली. जीप घेऊन फाट्यावर गेले आणि त्या मुलाला घेऊन आले. त्याच्यामागोमाग त्याचा बाप आणि गावातली चार वजनदार माणसं आली. मुलीला दवाखान्यातून बोलावलं. आतल्या खोलीत साहेब स्वतः जबाब लिहून घेत होते. निरीक्षक दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा साहेब वर न बघता म्हणाले, "सर, माझा कार्यभार आजच्या दिवसापुरता आहे ना अजून?"

कागद पूर्ण करून, सह्या घेऊन, मुलाला कोठडीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाकडे सोपवून ते बाहेर आले तोवर त्यांची बस लागली होती. जमादारांनी बॅग उचलली. निरीक्षकांनी भाषण खिशातच ठेवलं. मुलगी दारात होती, तिला काहीतरी बोलायचं होतं, पण साहेब तिला म्हणाले, "कोर्टात ये म्हणतील तवा येजो. टाळजो नको." आणि गेले.

आम्ही थंड समोसे खाल्ले. हार घालायचा राहूनच गेला होता, म्हणून जमादारांनी तो साहेबांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला अडकवला. मग ते फारच भलतं दिसायला लागलं, तेव्हा मी उठून तो काढला.