सब ठीक सांगणारे हवालदार

हवालदार पलंग असा लावायचे की त्यावर झोपायची पेशंटची हिंमत होत नसे. चादरीला एक सुरकुती नाही, चारही कोपरे लिफाफ्यासारखे दुमडलेले. एकदा एक आजी पलंगाशेजारच्या खुर्चीवर तासभर बसून राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, साहेबांनी आत्ताच नीट केलाय, विस्कटेल. ट्यूटर मॅडमनी हवालदारांना पैकीच्या पैकी मार्क दिले आणि मला चादर पुन्हा घालायला लावली. तेव्हापासून माझा त्यांच्यावर दात होता.

परळच्या एका नर्सिंग शाळेत आम्ही एका वर्गात होतो. मी घोडपदेवची, नुकती बारावी झालेली, आगाऊ मुलगी. ते फौजेत सतरा वर्षं काढून आलेले, वयाच्या अटीत जेमतेम बसलेले. राहायचे करी रोडला चाळीत. समोरच्या टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी त्यांच्यासाठी तयार होती, आणि निवृत्त फौजीने तेच करायचं असतं असं सगळ्या चाळीचं मत होतं. शेवटी बायकोशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, तह झाला होता. एक वर्ष नर्सिंग करून बघायचं, नापास झाले तर मुकाट्याने टॉवरच्या गेटवर उभं राहायचं. आम्ही मुली त्यांना तोंडावर दादा म्हणायचो आणि पाठीमागे हवालदार.

हे खूळ डोक्यात आलं कुठून, असं मी एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, ‘‘पोस्टवर आमच्या एका पोराला गोळी लागली. मी बंदूक घेऊन बाहेर उभा होतो. नर्सिंग असिस्टंट त्याचा हात धरून आत बसला होता. मला त्याचं काम जास्त आवडलं.’’ पोरगा वाचला का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. वाचला होता, सध्या नाशिकला त्याचं टायरचं दुकान आहे, हे नंतर कळलं.

मॅडम दिसल्या की ते उभे राहायचे. वर्गात ठीक होतं, पण कँटीनमध्येही, तोंडात अर्धा वडा असताना. मॅडमनी शेवटी कँटीनला यायची वेळच बदलली. मी पहिल्या ड्रेसिंगला चक्कर येऊन पडले तेव्हा बाकीच्या हसल्या. हवालदारांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, उद्या दोन मिनिटं जास्त उभी राहा, बाकी काही नको. मी दोन मिनिटं जास्त उभी राहिले. तिथे माझा राग संपला.

एवढ्या गुणी माणसाचं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला वॉर्डची ओव्हर द्यायची असते. कोण जेवलं, कुणाला ताप आहे, कुणाचं काय दुखतंय. हवालदार ताठ उभे राहून म्हणायचे, ‘‘सब ठीक.’’ पहारा बदलताना ते सतरा वर्षं हेच म्हणत आले होते. एक दिवस वरळी कोळीवाड्याचे एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले, सकाळपासून लघवी न होता पोट फुगून पडलेले सापडले. हवालदारांनी त्यांना विचारलं होतं. आजोबा ठीक आहे म्हणाले, यांनी शाबास म्हटलं. मॅडम त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘पेशंट तक्रार करत नाही, म्हणजे तुम्ही नीट विचारलेलं नाही. हे जमलं नाही तर मी तुम्हाला पुढच्या वर्षात पाठवणार नाही.’’

मग हवालदार कसून विचारायला लागले. पण ते पलंगापाशी उभे राहून ‘दुखतंय का? हो की नाही?’ असं विचारायचे, आणि भलाभला पेशंट घाबरून नाही म्हणायचा. आम्ही हसून हसून बेजार. ते मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले, आणि मग आम्हालाही हसवेना.

प्रॅक्टिकल परीक्षेला त्यांचा पेशंट माझ्या शेजारच्या पलंगावर होता. लालबागचे एक काका, मंडप बांधताना पडलेले, पायाला आदल्या दिवशीच प्लास्टर घातलेलं. काम सोपं होतं, पेशंटचं अंग पुसून द्यायचं. बाहेरच्या परीक्षक बाई वही घेऊन उभ्या. हवालदारांनी विचारलं, कसं वाटतंय? काका म्हणाले, एकदम ठीक. हवालदारांचा हात थांबला. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसले.

‘‘काका, माझा उजवा गुडघा सात वर्षं दुखतोय,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘फौजेत सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. आता तुमचं सांगा.’’

मग काका म्हणाले, पहाटेपासून बोटांना मुंग्या येतायत, प्लास्टर आवळतंय; डॉक्टर कामात असतात, कशाला त्रास द्यायचा. हवालदारांनी बोटं चाचपली. गार होती. त्यांनी वॉर्डच्या सिस्टरला बोलावलं, डॉक्टर धावत आले आणि प्लास्टर उभं चिरलं. आतला पाय टम्म सुजला होता. आणखी उशीर झाला असता तर पाऊल हातचं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात परीक्षक बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. अंग पुसायचं अर्धवटच राहिलं होतं.

जेवताना हवालदार मला शांतपणे म्हणाले, टॉवरचा युनिफॉर्म निळा आहे, शोभेल मला.

ते पास झाले. नुसते नाही, वर्गात दुसरे आले. परीक्षक बाईंनी अर्धवट पुसलेल्या अंगापेक्षा वाचलेल्या पायाला मार्क दिले होते. पेढ्यांऐवजी वहिनी डबाभर नारळाच्या वड्या घेऊन शाळेत आल्या. मॅडमपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, ‘‘सतरा वर्षं फोनवर विचारायची गं, बरे आहात ना? तर एकच, ठीक. परीक्षा देऊन घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, गुडघा फार दुखतोय, जरा तेल लावशील?’’

वहिनी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

‘‘बाटली हातात घेतली आणि रडायलाच लागले मी. यांना वाटलं, नापास झाले म्हणून रडते.’’