हिचं विरजण मी कढत दुधात घातलं

नाशिक रोडच्या आपल्या कॉलनीतल्या जुन्या मंडळींनो, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहितोय.

ही जाऊन तीन वर्षं झाली. तिचं दह्याचं विरजण मात्र मी चालू ठेवलं होतं. रोज आदल्या दिवसाचं चमचाभर दही दुधात घालायचं, एवढंच.

काल पेपरात दुधातल्या जंतूंबद्दल वाचलं आणि घाबरलो. दूध तीनदा उकळलं. जंतू राहू नयेत म्हणून उरलेलं सगळं दही त्या कढत दुधातच घातलं. आज सकाळी पाहिलं, तर पातेल्यात नुसतं फाटलेलं दूध.

शेजारच्या सुनीताताई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना पातेलं दाखवलं, तर त्या हसायलाच लागल्या. "अहो काका, दही लावतात तेही जिवाणूच की! त्यांना कोमट दूध लागतं. तुम्ही तर उकडूनच काढलंत बिचाऱ्यांना."

मी सातवी शिकलेला. जंतू म्हणजे वाईट, एवढंच मला ठाऊक.

"हिने तुम्हाला दिलेलं विरजण आहे का हो अजून?" मी विचारलं.

त्यांचं हसू थांबलं. "नाही हो काका. आता मी पिशवीतलंच दही आणते."

तिच्या हातचं तेवढं एकच या घरात जिवंत होतं.

तुमच्यातले बरेच जण बदली होऊन लांब गेले. हिच्याकडून वाटीत विरजण नेलेलं आठवतं का? कुणाच्या घरी ते दही अजून लागतंय का? कुठेही असा, मी डबा घेऊन येतो. चमचाभर पुरे.