कानबाईपुढे पडलेला लॅपटॉप

“स्क्रीन ऱ्हाऊ द्या भाऊ. पहिले योगितानी मायना आवाज काढी द्या,” लोटन आप्पांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवत सांगितलं.

शहाद्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आप्पा ब्राह्मणपुरीचे. सोबत मुलगी योगिता. लॅपटॉप तिचा, कॉलेजच्या वेळचा; तिच्या आईचा आवाज त्यात होता. कोपरा चेपलेला, बिजागरी तुटलेली, स्क्रीनला तडे. हे सगळं बदलता येतं. मी आधी बॅटरी सोडवली, मदरबोर्ड भिंगाखाली तपासला. तडा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. जरा लवकरच पडला.

हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि आतून टक्, टक्, टक् ऐकू आलं. मी लगेच वायर ओढली.

हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी चकती. तिच्यावरची सुई केसाहूनही कमी अंतरावरून माहिती वाचते, पण चकतीला टेकत नाही. चालू असताना आपटली की ती सुई चकतीवर बसते. मग जितक्या वेळा चालू कराल, तितक्या वेळा ती खरवडते.

“चालू असतानीच पडना का?” मी विचारलं.

योगिताने होय म्हणून मान हलवली आणि सांगू लागली. श्रावणात आमच्या भागात कानबाई बसते, रात्रभर देवीची गाणी होतात. आईची गाणी तिने मोबाइलमध्ये घेतली होती. मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपमध्ये टाकली आणि मोबाइलमधून पुसली. नंतर आई गेली. यंदा कानबाई यांच्या घरी होती. भाऊबंद जमले, आईचा आवाज स्पीकरवर लावला. नैवेद्याच्या रोटांची परात नेताना कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि लॅपटॉप फरशीवर आला.

“मंग परत चालू करा व्हता का?”

“काय करतूत?” आप्पा म्हणाले. “मन्ही बहीण बोलनी, कानबाईना सामने गानं अर्धामा तोडानं नही. सकाय लगून चालू करी करी पाहं.”

सकाळपर्यंत! मला चीड आली, पण बोलू कोणाला? गाणं अर्ध्यात तुटू नये म्हणून माणसं धडपडत होती आणि तेच गाणं खरवडून काढत होती.

पुण्यात अशा डिस्क धूळ नसलेल्या बंद खोलीत उघडतात. तिथे पाठवली. मी आशा दाखवली नव्हती, तरी आप्पांचा फोन रोज यायचा. “उना का आवाज?” आवाज आला का, एवढंच विचारायचे.

पुण्याहून उत्तर आलं, चकतीवरचा थरच निघून गेलाय, काही मिळणार नाही. डिस्क उघडीच परत आली. उलथन्याने तवा खरवडावा तसे गोल ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

आप्पांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटसुलट फिरवून पाहिली.

“ह्यामा ती कोठे व्हती?”

योगिता बाहेर जाऊन मोटरसायकलपाशी उभी राहिली. आप्पांनी डिस्क रुमालात बांधली आणि लॅपटॉप न घेताच निघून गेले. इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण त्या दिवशी दुकानात बसवेना.

पडलेला लॅपटॉप चालू होतो का, हे घरी बघायचं नसतं. आहे तसा आणायचा. हल्ली मी गिऱ्हाइकाला आधी तेच विचारतो, पडल्यावर किती वेळा चालू केला?

सगळे सांगतात, एकदाच.