साडेबाराची सावली

नागसेन तायडे गुरुजी परतवाड्याजवळच्या एका खेड्यात पाचवीला शिकवायचे. सावली सर्वांत लहान दुपारी बारा वाजता, ही ओळ त्यांनी बावीस वर्षं फळ्यावर लिहिली. पोरं पाठ करत, पेपरात उतरवत, विषय संपे.

एका जानेवारीत श्रावणीनं उभं राहून विचारलं, "सर, तुमी मोजली का?"

गुरुजी वरमले. विज्ञानात आधी पाहावं, मग मानावं, हेसुद्धा त्यांनी आजवर पाठच करून घेतलं होतं.

त्याच दिवशी अंगणात काठी रोवली. पोरांनी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण केली. बारा वाजून गेले तरी सावली आखडतच होती. पोरं चुकली असतील म्हणून दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतः मोजली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी साडेबाराच्या आसपास. मग वाचून कळलं की घड्याळ साऱ्या देशाचं एक, लावलेलं पूर्वेकडच्या वेळेवर. आपल्याकडे सूर्य मध्यावर उशिरा येतो. त्या आठवड्यात गुरुजी वर्गात जायला उतावीळ असत. नोकरीत असं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढं केंद्राची परीक्षा आली. सत्तावीस पोरांनी साडेबारा लिहिलं. सत्तावीसही चूक ठरली.

दहा शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख खुशालराव तणतणत आले. गुरुजी त्यांना अंगणात घेऊन गेले. खुशालराव घड्याळ बघत पाऊण तास उन्हात उभे राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "दिसते तर बराबर."

"मंग गुण द्या ना, साहेब."

"उत्तरसूचीत बारा आहे, तायडे. मी काय वरच्या लोकायले सावली दाखवत फिरू?"

पाठ्यपुस्तकाबाहेरचं शिकवणार नाही, असं लिहून मागितलं गेलं. मेळघाटात बदलीची गोष्ट निघाली. घरी आई अंथरुणाला खिळलेली. गुरुजींनी सही केली.

सोमवारी त्यांनी फळ्यावर बारा लिहिलं.

"काहून, सर?" श्रावणी म्हणाली. "आपण तर मोजली होती."

"मोजलं ते खरं आहे. पण लिहाचं बारा."

"मंग मोजाचं कायले?"

"खाली बस," गुरुजी ओरडले. इतक्या जोरात ते त्या पोरीवर कधीच ओरडले नव्हते. ती बसली. वहीतलं साडेबारा तिनं खोडलं, कागद फाटेपर्यंत.

दोन वर्षांनी अचलपूरच्या बसमध्ये तिची आई भेटली. पोरगी आता तिथल्या मोठ्या शाळेत होती.

"लय सुदरली, गुरुजी," आई कौतुकानं सांगत होती. "पहिले डोकं खाये. आता कोणालेच काही विचारत नाही. सारे मास्तर खूश हायेत."

गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले.