मंगळवाल्यांनी सरकवलेला चंद्र

मला त्याचा हेवा वाटायचा, हे आधीच लिहून टाकतो. आडवळणाने लिहायला गेलो तर मी पुन्हा स्वतःला सांभाळून घेईन, आणि ती सवय मला फार जुनी आहे.

तो आणि मी वसईतल्या एकाच शाळेत शिकलो. पुढे मी त्याच शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो आणि तो मुंबईला सरकारी कचेरीत कारकून. त्याचं घर होळी बाजाराच्या पलीकडे, केळीच्या वाडीत. नाताळात चर्चच्या अंगणात तो नाटुकली बसवायचा आणि फादरसुद्धा पोट धरून हसायचे. सत्तरच्या दशकात कधीतरी रेडिओवाल्यांनी त्याच्याकडून एक विनोदी श्रुतिका मागवली. त्याच सुमारास मी समुद्राच्या विज्ञानावर सहा भाषणं लिहून रेडिओकडे पाठवली होती. सहाही साभार परत आली.

त्याने काय लिहिलं होतं? यान बिघडल्यामुळे मंगळावरचे तिघे वसईत उतरतात आणि इथल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही. पानमळ्याचा मालक त्यांना एवढंच सांगतो, की चपला बाहेर काढा, पानवेलीत पायताण चालत नाही. आता मंगळवाल्याला पाय आठ. त्याच्या चपला काढून होईपर्यंत श्रुतिका संपते. यात विज्ञान कुठे आहे, असं मी बायकोला विचारणार होतो. पण ती डोळ्यांना पदर लावून हसत होती. माझ्या लिखाणाला ती अशी कधी हसली नव्हती. माझं लिखाण हसण्यासारखं नव्हतं हे खरं, पण ते वाचून ती रडलीही नव्हती.

श्रुतिकेची मालिका झाली. दर रविवारी सकाळी आमच्या आळीत घराघरांतून त्याचे मंगळवाले बोलायचे. मी रेडिओ बंद केला तरी शेजारच्यांचा ऐकू यायचाच. वर आणखी असं, की प्रत्येक भाग तो आधी माझ्याकडे घेऊन यायचा. "मास्तर, विज्ञान तेवढं बघ," म्हणायचा आणि ओट्यावर चहा पीत बसायचा. मी पेन्सिलने चुकीभोवती गोल करायचो आणि समासात दुरुस्ती लिहायचो. तो एका शब्दाने वाद न घालता बदल करायचा. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

एका भागात यान खाडीत उतरणार होतं. दिवस पौर्णिमेचा, वेळ दुपारी बाराची, आणि त्याने लिहिलं होतं की ओहोटीमुळे सगळा चिखल उघडा पडलाय आणि यान त्यात रुतून बसतं. मी वाचता वाचता थांबलो. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास आमच्या किनाऱ्याला पूर्ण भरती असते. कोळीवाड्यातलं पाच वर्षांचं पोरही हे सांगेल. हा वाडीतला माणूस, त्याला विहिरीचं पाणी कळतं, खाडीचं नाही. मी सवयीने गोल केला. मग चहा पीत बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं आणि खोडरबर घेऊन तो गोल पुसून टाकला. "सगळं ठीक आहे," असं म्हणून कागद त्याच्या हातात दिले. जगात एकदा तरी लोकांनी याला हसावं, याच्या लिखाणाला नव्हे, एवढीच माझी इच्छा होती.

ती पुरी झाली. भाग लागला त्याच दिवशी संध्याकाळी बाजारात एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याला गाठलं. मी बरोबरच होतो. "पुनवेला भर दुपारी पानी हटतं, हे तुला कोनी शिकवलं?" एवढंच तो म्हणाला, पण सगळी मासळीची रांग हसली. पुढे रेडिओकडे पत्रं गेली, किनाऱ्यावरच्या गावागावांतून. तिथल्या साहेबांनी याला बोलावून घेतलं आणि असंच चालणार असेल तर मालिका थांबवू, असं सुनावलं. तो उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. माझ्या नजरेतून ते सुटलं कसं, असं मीच नवल केलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढच्या रविवारी रेडिओ मीच लावला. त्या भागात गावातले कोळी मंगळवाल्यांना जाब विचारतात, की आमची भरती कुठे गेली? तेव्हा मंगळवाले खाली मान घालून कबूल करतात: यान उतरवताना धक्का लागून चंद्र थोडा सरकला. मग ग्रामपंचायत ठराव करते, की सदर चंद्र पूर्ववत जागी ठेवण्यात यावा आणि तोवर मंगळवाल्यांनी गाव सोडू नये. चंद्र नेमका कुठे होता, यावर दोन आळ्यांत भांडण लागतं. बायको हसता हसता भिंतीला टेकली. मासळीबाजारात तोच म्हातारा कोळी त्याला हाक मारून चंद्र बसला का जागेवर, असं विचारू लागला. तो सरकलेला चंद्र पुढे पाच-सहा वर्षं रेडिओवर चालला आणि मग टीव्हीवर गेला. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने सांगितलं, की विज्ञान सगळं आमच्या मास्तरांचं. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माझं अभिनंदन केलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसता जळत उभा होतो.

टीव्हीची मालिका संपली त्या वर्षी नाताळात त्याने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कपाटातून खाडीच्या भागाचे जुने कागद काढले आणि ते पान माझ्यापुढे धरलं. मी पेन्सिल दाबून चालवतो. गोल पुसला गेला होता, पण कागदावरचा वळ तसाच होता.

"हे तू कधी पाहिलंस?" मी विचारलं.

"पत्रं आली त्या दिवशीच. तुझ्याकडे यायच्या आधी."

तो पानाची घडी करत म्हणाला, "मास्तर, तुझी सहा भाषणं परत आली त्या दिवशी मी घरी जाऊन हसलो होतो. फिटलं."

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं: गोल, खोडरबर, छान लागलेली झोप, टाळ्या, कागदावरचा वळ. ती आधी नीट ऐकत होती. मग तिने तोंडाला पदर लावला, मग खाली बसली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मंगळवाल्याच्या चपलांनाही ती इतकी हसली नव्हती. आणि ही गोष्ट त्याची नव्हती, माझी होती.

तिचं हसणं थांबल्यावर मी तिला बजावलं, की तू इतकी हसलीस हे त्याला कळता कामा नये. नाहीतर तो हीच गोष्ट लिहून मोकळा होईल.