आवाज न करणारा रेनकोट

जपानात, कोबेच्या उत्तरेला, गाडीने अडीचेक तासांवर, डोंगरात एक गाव आहे. तिथल्या शिकाऱ्यांबरोबर मी एक अख्खा हिवाळा रानात काढला. मी पशुवैद्य. विद्यापीठातलं माझं काम हरणांच्या अंगावरच्या गोचिडांवर आणि त्या गोचिडांमुळे माणसांना येणाऱ्या तापावर होतं. हरीण पडलं की लगेच त्याचं रक्त घ्यायचं, कानामागचे, जांघेतले गोचीड चिमट्याने काढून बाटलीत भरायचे. पुण्याला आईला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही गं."

"अगं, मी नाही मारत."

"तू नुसती वाट बघतेस," ती म्हणाली.

शिकाऱ्यांची टोळी लहान होती, आणि दर वर्षी आणखी लहान होत चालली होती. तिचे म्होरके पंचाहत्तरी ओलांडलेले, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे, तोंडावर 'सेन्सेई', म्हणजे आपल्याकडचं मास्तर किंवा सर. तेही मला सेन्सेईच म्हणायचे. त्यांची बायको आदल्याच वर्षी गेली होती. शाळाही उरली नव्हती, मुलांअभावी बंद पडली होती.

त्या भागातला हिवाळा म्हणजे कोरडी थंडी नव्हे. दिवसच्या दिवस पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत राहतं. छत्री रानात चालत नाही. पहिल्या दिवशी मी कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेला पारदर्शक प्लास्टिकचा रेनकोट घालून गेले. काटेरी जाळीत त्याच्या अर्ध्या तासात चिंध्या झाल्या. दुपारी हरीण मिळालं, पण माझी बोटं इतकी बधिरली होती की सुईचं टोपण निघेना. शेवटी आजोबांनीच ते दातांनी ओढून काढलं. टोळीतले एक निवृत्त पोस्टमन होते, साठीचे, सगळ्यांत तरुण. ते हसून म्हणाले, "हरणांना वाटलं असेल, बाजाराची पिशवी चालत आली."

"रविवारी कपडे घ्यायला जाऊ," आजोबा म्हणाले.

गिर्यारोहणाच्या दुकानातले कोट माझ्या पगारात बसण्यासारखे नव्हते, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. त्यांनी मला महामार्गालगतच्या एका दुकानात नेलं. बांधकामावरच्या मजुरांचे, मच्छीमारांचे, स्कूटरवरून सामान पोचवणाऱ्यांचे कपडे तिथे मिळत. आत रबराचा वास भरून राहिला होता. आजोबांनी एकेक रेनकोट हँगरवरून काढून उलटा केला. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे त्यांनी नखाने चाचपून पाहिलं. "पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून येतं." मच्छीमारांचा जाड रबरी कोट त्यांनी बाजूला ठेवला. चढ चढताना आतून घामानेच भिजाल, म्हणाले. टोपी कानांवर घट्ट बसणारी नको. विजारीला खाली चेन हवी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. एक माप मोठं घ्या, आत स्वेटर येईल.

मग त्यांनी एका कोटाची बाही कानाजवळ नेऊन चोळली. पुन्हा चोळली. दुसरा कोट घेतला, तोही चोळला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. जरा वेळाने त्यांनी दोन्ही कोट माझ्यापुढे धरले.

"कोट वाजला की हरीण पळतं. सेन्सेई, तुम्ही ऐका. मला बारीक आवाज येत नाहीत आता."

"कधीपासून?"

"बंदुकीने हळूहळू खाल्ले कान. ही असताना ही यायची बरोबर. डोळे मिटून सांगायची, हा नको, हा चालेल."

मी डोळे मिटले. पहिला कोट चिवड्याच्या पिशवीसारखा चुरचुरला. दुसरा सुळसुळत होता. शेवटी गेल्या वर्षीच्या शिल्लक मालात एक सापडला. वरून मऊ, लोकरीसारखी लव असलेला, आत पाणी अडवणारा थर. चोळला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. किंमतही परवडणारी होती. रंग तेवढा मातकट तपकिरी.

"रंग कसाही असो," आजोबा म्हणाले. "केशरी बंडी त्याच्या वरून घालायची, म्हणजे बंदूकवाल्याला माणूस आहे हे दिसतं. कितीही पाऊस असो, वरूनच."

त्यानंतर ते मला आपल्या शेजारीच बसवू लागले. कुत्री घेऊन हाकारे वरून रान उठवत खाली यायचे, आणि आम्ही ओढ्याच्या वळणावर दबा धरून बसायचो. आमची खूण ठरली होती. जनावराची चाहूल ज्या बाजूने लागेल त्या बाजूची त्यांची बाही मी एकदा ओढायची. पानं चिरडल्याचा, दगड घरंगळल्याचा आवाज मला यायचा, मी बाही ओढायचे, ते वळायचे. आवाज आला की पुढे काय होणार हे मला माहीत असायचं, आणि तरीही हात बाहीकडे जायचा. त्या हिवाळ्यात त्यांनी पुष्कळ हरणं पाडली. बाकीचे म्हणायचे, म्हातारा पुन्हा जवान झाला. आजोबा नुसते मान हलवायचे. परतताना गाडीत एकदा म्हणाले, "यांना इतक्यात सांगू नका." मी नाही सांगितलं. मला नमुने मिळत होते, त्यांना हंगाम मिळत होता. पण गुंगीतल्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं मला त्यांच्याजवळ बसताना वाटायचं.

माझ्या रेनकोटाचं टोळीत कौतुक झालं होतं. पोस्टमननी दुकानाचा पत्ता विचारून घेतला आणि तसाच कोट आणला.

हंगाम संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून गारठा आणि ओल्या बर्फाची झड. समोरचा बांबूचा पट्टा धुरकट दिसत होता. आजोबांचा वायरलेस त्यांच्या कोटाच्या आत, छातीच्या खिशात होता. त्यावर पोस्टमनचा आवाज आला: कुत्रं चुकलंय, मी डाव्या अंगाने तुमच्याकडे खाली उतरतोय. मला स्पष्ट ऐकू आलं. आजोबांची नजर ओढ्यावरून हलली नाही. टोपीवर पावसाचा तडतडाट चालू होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यांना सांगायला मी त्यांची डावी बाही ओढली.

ते झटकन डावीकडे वळले, आणि बंदूक खांद्याला लागली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, बाही ओढण्याचा आमच्यात एकच अर्थ होता. बांबूंमध्ये तपकिरी काहीतरी हललं. पावलांचा आवाज नाही, कापडाचा आवाज नाही. मी ओरडले, "माणूस आहे!" मराठीतच ओरडले मी. जपानीत ओरडले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी खाली दाबली. हातमोज्यांतूनही लोखंड थंडगार लागलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले होते.

बांबू बाजूला झाले आणि पोस्टमन बाहेर आले, हातात रिकामी साखळी. "कुत्रं दिसलं का इकडे?" त्यांनी हसत विचारलं. मग त्यांना नळी दिसली, नळीवरचे माझे हात दिसले. त्यांनी सावकाश कोटाची चेन खालपर्यंत उघडली. केशरी बंडी आत होती.

"भिजून जड होत होती," ते म्हणाले, "म्हणून आत..."

आजोबांनी बंदूक उघडून काडतुसं काढली. मग ते ओल्या पाल्यावर गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. पोस्टमन धावत आले, तेही गुडघ्यांवर बसले. "नाही नाही, चूक माझी, मी वरून घालायला हवी होती." "नाही, माझी." दोघं एकमेकांपुढे वाकत राहिले, आणि त्यांच्या पाठींवर बर्फ साचत राहिलं. मी आत अगदी कोरडी होते, तरी माझे दात वाजत होते.

संध्याकाळी मांस कापायच्या शेडमध्ये आजोबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कान गेलेत, हंगामभर सेन्सेईंच्या कानांनी शिकार केली, आणि आज माणूस मेला असता. नळ चालू होता, कोणीतरी सुरी धूत होतं, ते धूतच राहिलं. एक जण म्हणाला, "पुढच्या वर्षी..." आणि थांबला.

गाडीत मी म्हटलं, "माणसासाठी आपण वेगळी खूण ठरवायला हवी होती."

"मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "गणित शिकवायचो मी."

त्याच आठवड्यात त्यांनी परवाना पोलीस ठाण्यात परत केला आणि बंदूक काढून टाकली. पुढच्या हिवाळ्यात टोळी जमलीच नाही. रान उठवायला माणसं पुरेनात. पोस्टमन फासे लावू लागले. हरीण अडकलं की ते मला फोन करायचे, आणि मी एकटीच गाडी काढून जायचे. फाशातलं हरीण दमलेलं असतं, ते आपल्याकडे बघतं. आईला हे मी सांगितलं नाही.

आजोबा ओसाकाला मुलाकडे राहायला गेले. उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. उंच इमारतीतलं छोटं घर, खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. सुनेने त्यांना कानातली यंत्रं घेऊन दिली होती. माझ्यासाठी तिने मासळी न घालता भात केला होता, आणि तसं तिने दोनदा सांगितलं. मी सवयीने मोठ्याने बोलत होते. "हळू बोला," ते म्हणाले, "आता येतं ऐकू. फ्रिज, लिफ्ट, शेजारचा टीव्ही, सगळं येतं."

सून आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "गावात उतरतात का हरणं?"

"हो."

"माझ्या घरापर्यंत?"

मी त्यांचं घर पाहून आले होते. कुंपण आडवं झालं होतं, आणि त्यांच्या बायकोने लावलेल्या झाडांचे नुसते बुडखे उरले होते.

"हो," मी म्हटलं. "अंगणापर्यंत."

त्यांनी मान हलवली. एका कानातलं यंत्र काढून चहाच्या कपाजवळ ठेवलं, मग दुसरंही काढलं. मला अजून काही सांगायचं होतं, माझं कंत्राट संपत आल्याचं, पुण्याला परत जाण्याचं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी चहा संपवला आणि सून बाहेर येईपर्यंत तशीच बसून राहिले.